पगार कापता ना, मग फाइली पण कापा

आठवड्याला सत्तर तास काम करायचं की नव्वद तास, या वादाचा मला आता खरंच वीट आलाय. 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती सत्तर तासांबद्दल बोलले, मग जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ते नव्वद तासांचं, रविवारच्या कामाचं आणि बायकोकडे किती वेळ बघत बसणार वगैरे आलं, आणि दर वेळी आमच्या लॉ कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो घासल्याशिवाय वकील तयार होत नाही, दुसरा खासदार सुप्रिया सुळेंच्या राइट टू डिसकनेक्ट बिलाची, म्हणजे कामाच्या वेळेनंतर ऑफिसचे फोन-ईमेल न घेण्याच्या हक्काची, लिंक टाकतो. पण बॅचमधल्या ज्या मुली आमच्यापेक्षा हुशार होत्या, मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांत, ज्यांच्यासमोर आमची बोलती बंद व्हायची, त्यातल्या बऱ्याच जणींनी तिशीतच प्रॅक्टिसवर पाणी सोडलं, आणि या वादात त्यांचं म्हणणं कोणी विचारतच नाही. त्यांना नव्वद तास नको होते, पण शून्यही नको होते हो. आठवड्याला तीन-चार दिवस धड काम मिळालं असतं तर त्या आज सिनिअर असत्या.

मी मँचेस्टरमध्ये सॉलिसिटर आहे, घरांच्या खरेदी-विक्रीचं काम बघतो, आठवड्याला चार दिवस, पगार ऐंशी टक्के. इथे 2003 मध्ये लहान मुलांच्या आईवडिलांना कामाचे तास बदलून मागायचा कायदेशीर हक्क मिळाला, 2014 मध्ये तो सरसकट सगळ्या नोकरदारांना लागू झाला (तेव्हा 26 आठवडे नोकरी झालेली असायला लागायची) आणि एप्रिल 2024 पासून तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. हक्क फक्त मागायचा आहे, मिळेलच असं नाही, पण नाही म्हणायचं तर कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच काहीतरी दाखवावं लागतं आणि तेही दोन महिन्यांच्या आत. माझ्या मते यातलं सगळ्यात मोठं पाऊल 2014 चं, कारण तोपर्यंत ही मुख्यतः आईबापांची (2007 पासून घरातल्या मोठ्यांना सांभाळणाऱ्यांचीही) आणि खरं तर आयांचीच सवलत होती, नंतर मात्र कोणीही अर्ज करू शकतो, अगदी शिकायचंय म्हणूनसुद्धा, आणि मग अर्ज करणारी बाई करिअरबद्दल सिरियस नाही असं म्हणायची सोय राहत नाही. आपल्याकडे 2017 ला बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली ते चांगलंच झालं, पण रजेनंतर काय, तर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक तयार असेल तर घरून काम, बस. तास कमी करायचं नावही नाही, आणि बापाचा तर उल्लेखच नाही.

आता इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. इंग्लंडमधल्या फर्म्समध्ये निम्म्याहून जास्त वकील बायका आहेत पण फुल इक्विटी पार्टनर, म्हणजे फर्मच्या मालकीत वाटा असलेल्या, बघायला गेलात तर साधारण एक तृतीयांश. खरी मेख आहे ती टाइमशीटमध्ये. आमचा दिवस सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये मोजला जातो, क्लायंटचा फोन घेतला एक युनिट, ईमेलला उत्तर दिलं एक युनिट, आणि त्यावर वर्षाचं टार्गेट. समजा फुल-टाइमचं 1500 तास असेल तर चार दिवसवाल्याचं 1200, साधं त्रैराशिक आहे आणि कागदावर ते होतंही. पण फाइली तेवढ्याच राहतात! माझ्या आधीच्या फर्मने पगार पहिल्याच महिन्यात कापला, फाइल मात्र एकही काढून घेतली नाही, आणि सुट्टीचा वार दिला शुक्रवार. इथे लोकांना वीकेंडला सामान हलवायचं असतं म्हणून घराचे पैसे ट्रान्सफर होऊन किल्ल्या मिळायच्या ते बहुतेक शुक्रवारी, म्हणजे मुलीला पोहायला घेऊन गेलोय आणि तिकडे कोणाचं तरी कुटुंब सामानाने भरलेला ट्रक घेऊन दाराशी उभं आहे, बँकेचे पैसे पोचले नाहीत, फोन कसा नाही उचलणार? पाच दिवसांचं काम आणि चार दिवसांचा पगार, याला पॉलिसी कसं म्हणायचं.

आत्ताच्या फर्ममध्ये फरक इतकाच आहे की सुट्टी बुधवारी आहे, प्रत्येक फाइलवर दोन नावं असतात, आणि क्लायंटला पहिल्याच पत्रात लिहून जातं की बुधवारी अमुक व्यक्ती बघेल. नवीन फाइल देतानाही माझे चार दिवस धरूनच देतात. एवढ्याने सगळं बदललं.

मुंबईतले मित्र म्हणतात तुझं ठीक आहे रे, इथे उद्याचं बोर्ड, म्हणजे कोर्टात कुठल्या केसेस लागणार ती यादी, आदल्या संध्याकाळी कळतं. बरोबर आहे. मे 2018 मध्ये उन्हाळी सुट्टीच्या आधी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती काथावालांचं कोर्ट पहाटे साडेतीनपर्यंत चाललं होतं, तिथे सिनिअरच्या मागे उभ्या ज्युनिअरला माझा आज बुधवार आहे असं म्हणता येणार नाही, मी हे मानतो. शिवाय सिनिअर वकिलाच्या चेंबरमधल्या ज्युनिअरला पूर्ण दिवसाचेच नीट पैसे मिळत नाहीत, बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था) ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात महिना 20,000 आणि गावाकडे 15,000 द्या म्हणून सांगितलं तेही शिफारस म्हणून. पण लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात बसून ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधीची कागदपत्रांची तपासणी) आणि लीजचे ड्राफ्ट करणाऱ्यांना कुठलं बोर्ड आडवं येतं?

तिथे घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि यावर कोणी बोलत नाही म्हणून मला जास्त राग येतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, त्यामुळे फर्ममधले असोसिएट कागदावर बरेचदा नोकरदार नसतातच, रिटेनरवरचे, म्हणजे पगाराऐवजी ठरलेली फी घेणारे, व्यावसायिक असतात. म्हणजे उद्या सुळेंचं बिल पास झालं किंवा इंग्लंडसारखा कायदा जरी आला तरी तो या लोकांना लागू होतो का, इथूनच भांडण सुरू होणार. कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही, हे फर्म्सनीच लेखी करायला हवं आणि पहिला अर्ज एखाद्या पुरुष पार्टनरने करायला हवा.

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, मुलगा शाळेत जायला लागलाय, एक फर्म तिला तीन दिवसांवर घ्यायला तयार आहे, पगार किती मागू? मी म्हटलं पगाराचं नंतर, आधी फाइली किती ते लिहून घे, आणि उरलेल्या दोन दिवसांत त्या कोण बघणार त्याचं नाव.