एकट्या चाकाचे लाड

माझ्याकडे ट्राइक आहे. म्हणजे होंडाची गोल्डविंग मोटरसायकल, पण मागचं एक चाक काढून तिथे अॅक्सल टाकून दोन चाकं बसवलेली. सहा सिलिंडर, १८३२ सीसी, रिव्हर्स गिअर, गाणी ऐकायला स्पीकर आणि मागे बायकोसाठी आमच्या हॉलमधल्या सोफ्यापेक्षा बरी सीट. चारशे किलोंच्या वरची दुचाकी सिग्नलला पायांवर तोलून धरणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून हा तिसऱ्या चाकाचा संसार. इथे कोलंबसमध्ये, ओहायोत, लोक सिग्नलला काच खाली करून कौतुक करतात. पुण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा मेहुणा एवढंच म्हणाला, ‘‘दाजी, मीटर कुठाय?’’

आता या गाडीचं दुखणं सांगतो. मागचे दोन टायर मोटारीचे. ते घासतच नाहीत. पुढचा टायर मोटरसायकलचा, आणि तो आपला सतत घासतोय. दुचाकी वळताना कलते, म्हणून तिच्या टायरचा माथा गोल करतात. कलली की टायरची कड रस्ता धरते. ट्राइकला कलणं माहीत नाही. मी हँडल वळवतो, पुढचं चाक बिचारं वळतं, आणि मागची दोन चाकं (शिवाय वर बसलेली दोन माणसं) म्हणतात, आम्ही सरळच जाणार. या भांडणात पुढचा टायर रस्त्यावर आडवा फरफटत जातो. गोल माथ्याची जेमतेम एक पट्टी जमिनीला टेकलेली, सगळा भार तिच्यावर. मग मध्ये टायर गोटा होतो, कडेच्या नक्षीला करवतीसारखे दाते पडतात आणि गाडी गुणगुणायला लागते. हायवेवर बायकोने मान वर करून आभाळात बघितलं आणि म्हणाली, ‘‘अहो, विमान दिसत नाहीये, पण आवाज केव्हापासून येतोय.’’

त्यात आम्हाला घाटांची हौस. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर यूएस १२९ या रस्त्याचा ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ नावाचा तुकडा आहे. ११ मैलांत ३१८ वळणं. तिथे एका झाडाला पडलेल्या गाड्यांचे तुटके भाग टांगतात आणि लोक त्याच्यासमोर हसत फोटो काढतात. दुचाकीवाले तिथे गाडी आडवी घालून गुडघा रस्त्याला लावायचा प्रयत्न करतात. आम्ही तिथे रबर किसून येतो.

तेव्हा ठरलं की जास्त टिकणारा टायर बघायचा. हे वाक्य मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, मोठ्याने बोललो. त्या रांगेत कोणाकडेच मोटरसायकल नव्हती, तरी पुढच्या खिरापतीपर्यंत तीन पक्ष तयार झाले.

पहिला पक्ष म्हणे, रेडियल (आतले धागे सरळ आडवे घातलेला टायर) सोडा, जुन्या पद्धतीचा, तिरक्या धाग्यांचा बायस-प्लाय घ्या, रबर कडक असतं, मैल जास्त देतो. दुसरा म्हणे, मोटरसायकलचा मागचा टायर पुढे बसवा, त्याची नक्षी खोल असते. तिसरा पक्ष एकाच माणसाचा होता, पण त्याच्याकडे लॅपटॉप होता. त्याचं म्हणणं, सरळ मोटारीचा टायर लावा. अमेरिकेत मोटारीच्या टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा छापलेला असतो, ४००, ६०० असा, जितका मोठा तितका टायर चिवट. मोटरसायकलच्या टायरला तो नियमच लागू नाही. त्यामुळे आपण दुकानात उभे राहून रबराला नख लावून बघतो आणि काहीतरी समजल्यासारखी मान हलवतो. या लॅपटॉपवाल्याने दर मैलाला किती सेंट पडतात याचा तक्ता करून पाठवला. किमती खऱ्या होत्या. मैल त्याने स्वतःच्या अंदाजाने भरले होते, पण दशांश चिन्हानंतर तीन आकडे असल्यामुळे वाद घालायची सोय उरली नव्हती.

टायरवाल्याने मात्र तिसऱ्या पक्षाला दारातच अडवलं. मोटारीच्या टायरची आतली कड मोटारीच्या रिमसाठी घडवलेली असते, मोटरसायकलची रिम वेगळी. ती नीट बसली नाही तर काय होईल याची यादी त्याने शांतपणे सांगितली. बायको जवळच उभी होती. पक्ष तिथेच बरखास्त झाला.

इकडे मेहुण्याने पुण्यात स्वतःची चौकशी समिती नेमली होती. घराखालच्या रिक्षा स्टँडवर त्याने माझ्या ट्राइकचा फोटो फिरवला. तिथला निकाल असा: रिक्षाचे तिन्ही टायर एकाच मापाचे, ४.००-८. पुढचा घासला की मागे टाकायचा, मागचा पुढे आणायचा, स्टेपनीलाही पाळी द्यायची. अशी फिरवाफिरवी करत चौघं एकदम म्हातारे होतात, मग रिमोल्ड करायचं, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवायचं. ‘‘तुमच्या दाजींच्या गाडीत पुढचा एकच वेगळा, १८ इंची, त्याची बदली कुठेच होत नाही. डिझाइनच चुकलंय.’’ सहा सिलिंडरच्या जपानी गाडीला एवढं थोडक्यात कोणी नापास केलं नसेल. त्यातल्या एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने आणखी एक प्रश्न पाठवला होता: ‘‘वळणावर स्पीड किती ठेवतात साहेब?’’ एवढ्या तज्ज्ञांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी तो मेसेज वाचला नाहीसं दाखवलं. बायकोने मोठ्याने वाचून दाखवला.

मग मी रात्री जागून टायर बघू लागलो. एक फार स्वस्त मिळत होता. विकणाऱ्याने कडेचा फोटोही टाकला होता. बायकोने चष्मा लावून डीओटीच्या (अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या) ओळीतले शेवटचे चार आकडे वाचले: २२१९. म्हणजे २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला माल. ‘‘हा करोनाच्या आधीचा आहे,’’ ती म्हणाली. ही विद्या तिने नेमकी कधी मिळवली, मला माहीत नाही. तिचा पुढचा प्रश्न त्याहून वाईट होता. ‘‘जो जास्त टिकतो त्याचं रबर कडक असणार ना? मग पावसात ब्रेक मारल्यावर तो टिकून राहील, पण आपण थांबू का?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं; दोन्ही एकत्र पुरेपूर मिळत नाहीत हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. कोणीतरी सुचवलं होतं की हवा जास्त भरली की टायर जास्त दिवस जातो. होंडाच्या पुस्तकात पुढच्या टायरला ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिलंय. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही त्याची कमाल मर्यादा, आपल्याला दिलेलं आव्हान नव्हे. शिवाय ओहायोच्या थंडीत पारा दहा अंश फॅरनहाइट उतरला की साधारण एक पीएसआय आपोआप जातो, तेव्हा हवा मोजायचं गेज हाताशी हवंच.

शेवटी दुसऱ्या पक्षाच्या जवळचा मार्ग निघाला. काही टायर असे मिळतात की कंपनीच कडेला दोन बाण छापते: मागे बसवाल तर असा फिरवा, पुढे बसवाल तर उलटा. नक्षी खोल, भार पेलायचा आकडाही गाडीला पुरून उरणारा. टायरवाला आधी नाहीच म्हणत होता, दुसरा बारीक बाण बोटाने दाखवल्यावर तयार झाला. बसवून दिला, चाकाचा तोल बघून दिला, पैसे मात्र पूर्ण घेतले.

गाडी आता गप्प आहे. माणसं नाहीत. कारण दोन बाणांपैकी लोकांना नेहमी चुकीचाच दिसतो. पेट्रोल पंपावर कोणी ना कोणी जवळ येऊन हळूच सांगतं, मित्रा, तुझा पुढचा टायर उलटा लावलाय. सुरुवातीला मी समजावत असे. आता ही मला तोंड उघडू देत नाही. परवा एका पिकअप ट्रकवाल्याला तिने हेल्मेट काढून सांगितलं, ‘‘मागचं चाक गाडी ढकलतं, पुढचं ब्रेक खातं. जोर उलटा, म्हणून बाण उलटा.’’ तो माणूस दोन पावलं मागे सरकला. तिने त्याच्या ट्रकच्या टायरकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘तुमच्यात हवा किती आहे?’’ त्याने गेज नसल्याचं सांगितलं. हिने पर्समधून काढून दिलं.