साबणाच्या चवीचा उपमा

ऐरोलीच्या ताईंना नमस्कार.

क्विनोआच्या उपम्याची माझी पाककृती करून पाहिल्यावर तुम्ही जी प्रतिक्रिया लिहिली, तिचा गोषवारा इतर वाचकांसाठी आधी देतो. मी सांगितले त्याप्रमाणे तुम्ही एक वाटी क्विनोआ आणि दोन वाट्या पाणी कुकरला लावून तीन शिट्ट्या केल्या. त्याचा लगदा झाला, वर कडवटपणा राहिला, आणि सासूबाईंनी पहिला घास घेऊन ‘भांड्याला साबण राहिला होता का गं?’ असे विचारले. त्यानंतर तुम्ही विचारता की, घरात तांदूळ, वरी आणि नाचणी असताना हे महागडे परदेशी धान्य आणायचेच कशाला, आणि आता उरलेल्या पाऊण पाकिटाचे करायचे काय.

उपमा बिघडला याचा दोष माझा आहे. ‘भाताप्रमाणे शिजवून घ्यावा’ हे वाक्य मी लिहायलाच नको होते, कारण क्विनोआ भाताप्रमाणे शिजवला की बिघडतो. धुण्याविषयीही मी ‘स्वच्छ धुऊन’ एवढे दोनच शब्द लिहिले होते.

सासूबाईंची जीभ मात्र अचूक आहे. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्याचा थर असतो आणि पाखरांपासून दाण्याचे रक्षण करणे हे त्याचे काम असते. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच, तेव्हा साबणाची आठवण होणे अगदी रास्त होते. पाकिटावर ‘धुतलेला’ असे छापलेले असले तरी मी त्यावर विसंबत नाही. दाणा मोहरीहून फार मोठा नसल्यामुळे तांदूळ धुतो तसा नुसता निथळायला गेलो, तर निम्मा सिंकमध्ये जातो. मी तो बारीक जाळीच्या गाळणीत घेतो, गाळणी पाण्याच्या पातेल्यात बुडवतो आणि दाणे बोटांनी एकमेकांवर चोळतो. पहिल्या पाण्याला ताकासारखा फेस येतो, दुसऱ्याला कमी आणि चौथ्या-पाचव्या पाण्याला जवळजवळ येत नाही. मग एक कच्चा दाणा दाताखाली धरून पाहावा. जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागला, तर अजून एक पाणी द्यावे.

त्यानंतर पाण्याचे माप. धुतलेल्या दाण्यात आधीच बरेच पाणी राहिलेले असते, त्यामुळे एका वाटीला दीड वाटी पाणी पुरते. निथळलेला क्विनोआ जाड बुडाच्या कढईत, थेंबभर तेलावर, पाणी आटून दाणे सुटे होईपर्यंत आणि भाजल्याचा वास येईपर्यंत परतावा. मग दीड वाटी उकळते पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवावे व अगदी मंद आचेवर तेरा ते पंधरा मिनिटे शिजू द्यावे. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण तळाशी राहिलेली ओल वाफ होऊन दाण्यात शिरते ती याच वेळात. दाणा शिजला की त्याभोवतीचा पांढरा अंकूर सुटून बारीक शेपटीसारखा दिसतो. ती शेपटी दिसली म्हणजे काम झाले. मग काट्याने हलवून सगळा ऐवज परातीत पसरावा. वाटीभर कच्च्याचा साधारण तीन वाट्या होतो.

फोडणीचा भात जसा शिळ्या भाताचाच चांगला होतो, तसाच क्विनोआचा उपमाही आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवलेल्या दाण्यांचा चांगला होतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा यांची फोडणी नेहमीपेक्षा थोडी तिखट ठेवावी, शेंगदाणे तळून घालावेत आणि लिंबू पिळताना हात आखडता घेऊ नये. क्विनोआची स्वतःची चव थोडी मातकट आणि थोडी अक्रोडासारखी असते, आणि आंबटाशिवाय ती खुलत नाही.

माझ्या मते मात्र क्विनोआची खरी जागा उपम्यात नाही, खमंग काकडीत आहे. या कोशिंबिरीची अडचण तुम्हाला ठाऊक असेल: मीठ घातल्यावर काकडीला पाणी सुटते आणि ताटातल्या शेजारच्या भाजीपर्यंत ओघळ जातो. चोचवलेल्या दोन काकड्यांत वाटीभर गार क्विनोआ मिसळला की तो ते पाणी पिऊन टाकतो, आणि काकडीचा रस, लिंबू व मीठ दाण्यात मुरल्यामुळे त्याला आयती चव येते. त्यावर दाण्याचे जाडसर कूट, ओले खोबरे, चिमूटभर साखर, आणि तुपात जिरे व मिरची यांची फोडणी. मागच्या श्रावणात ठाण्यात नौपाड्यातील आमच्या घरी एका रविवारी आठ माणसे जेवायला होती. ही कोशिंबीर मी वाटीभर अधिकच केली होती आणि ती संपली. त्यात काय आहे हे मी जेवण झाल्यावर सांगितले. आधी सांगितले असते तर माझ्या काकांनी ती नक्कीच बाजूला सारली असती.

उलट, वरणाबरोबर क्विनोआ वाढू नये. आरोग्याच्या उत्साहात लोक पहिली चूक हीच करतात. भात वरणात कालवला जातो, बोटांनी त्याचा घास बांधता येतो. क्विनोआचे दाणे वरणात सुटे पोहत राहतात आणि जेवणाऱ्याला आपण पक्ष्याचे खाद्य खात आहोत असे वाटू लागते. आमटी, कढी, सार या सर्वांबाबत हेच. मटकीची कोरडी उसळ किंवा घट्ट पिठले मात्र त्याच्याशी जमते. मसालेभातही मी दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो कुणी पुन्हा मागितला नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. प्रथम एक छोटी दुरुस्ती: तुम्ही क्विनोआला भरडधान्यांत धरले आहे, पण तो ज्वारी, बाजरी, नाचणीसारखा तृणवर्गातला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तर क्विनोआचे वर्ष त्याआधी, २०१३ मध्ये, वेगळे झाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ आहे आणि राजगिऱ्याचा चुलत भाऊ. ताकातला चाकवत ज्या घरात आवडीने खाल्ला जातो, त्या घरात क्विनोआ अगदीच परका ठरू नये.

परदेशी म्हणाल तर तो निश्चितच परदेशी आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतरांगांत, टिटिकाका सरोवराच्या आसपास, हजारो वर्षांपासून त्याची लागवड होत आली आहे, आणि जवळजवळ चार हजार मीटर उंचीवरही, जिथे भात होणे शक्य नाही, तिथे तो तग धरतो. परंतु साबुदाण्याची खिचडी समोर घेऊन पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत, आणि तरी ती खिचडी आपण उपवासाला खातो. तेव्हा गावावरून धान्याला नाकारण्याचे कारण मला पटत नाही. क्विनोआ उपवासाला चालेल का, हे मात्र ज्याच्या-त्याच्या घरी ठरवावे. मी त्या वादात पडत नाही.

महाग आहे, हा तुमचा आक्षेप मी संपूर्ण मान्य करतो. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात चांगल्या कोलमच्या शेजारी ठेवला तर क्विनोआच्या भावाने कुणाचाही हात मागे येईल. प्रथिनांसाठी एवढे पैसे द्यावेत असे मी म्हणणार नाही. १०० ग्रॅम कच्च्या क्विनोआत सुमारे १४ ग्रॅम प्रथिने असतात आणि राजगिऱ्यातही जवळपास तेवढीच असतात. तूरडाळीत तर २० ग्रॅमच्या वर. शिवाय शिजल्यावर पाणी शोषल्यामुळे १०० ग्रॅममागे हे प्रमाण साडेचार ग्रॅमच्याही किंचित खाली येते. तांदळात आणि गव्हात लायसिन हा प्रथिनांतला जो घटक कमी पडतो तो क्विनोआत चांगला असतो, हे खरे. पण तीच उणीव आपल्याकडे भातावरचे वरण भरून काढत आले आहे. ज्यांना गव्हातले ग्लुटेन चालत नाही त्यांना क्विनोआचा उपयोग आहे, तसा ज्वारीचाही आहे. मी तो आणतो तो चवीतल्या बदलासाठी, महिन्याला एखादे पाकीट. वरी, नाचणी बंद करून त्यांच्या जागी तो आणा, असे मी मूळ लेखात लिहिले नव्हते आणि आताही लिहीत नाही.

राहिले तुमचे पाऊण पाकीट. ते दोन-तीन आठवड्यांत संपवावे, कारण पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या हवेत उघडे पाकीट लवकर दमट होते. त्यातला थोडा भाग वर सांगितलेल्या कोशिंबिरीसाठी ठेवावा. उरलेल्याची धिरडी करावीत, कारण धिरड्यात दाणा मोकळा राहण्याचा प्रश्नच येत नाही आणि म्हणून ती बिघडणे फार कठीण आहे. दोन वाट्या क्विनोआ चोळून धुऊन, एक वाटी मुगाची डाळ आणि अर्धा चमचा मेथीदाणे यांच्यासह सहा तास भिजवावा. भिजलेले पाणी फेकून द्यावे, आल्यामिरचीसह बारीक वाटावे आणि पीठ अर्धा तास झाकून ठेवावे. तव्यावर पहिले धिरडे चिकटेल. क्विनोआचे पीठ तांदळापेक्षा लवकर धरते, म्हणून तवा चांगला तापवून, त्यावर पाण्याचा हबका मारून मगच पीठ पसरावे, आणि कडा स्वतःहून सुटेपर्यंत उलथने लावू नये.

आणि तो लगदा फेकला नसेल, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवला असेल, तर भाजणीत मळून त्याची थालीपिठे लावता येतील. एक वाटी लगद्याला दोन वाट्या भाजणी, बारीक चिरलेला कांदा, ओवा आणि थोडे जास्त तिखट घ्यावे. कडवटपणा फार असेल तर मात्र तेही करू नये, कारण तो भाजल्याने जात नाही. मूळ पाककृतीतले पाण्याचे माप मी आज दुरुस्त केले आहे, कुकरचा उल्लेख काढला आहे आणि धुण्याचा परिच्छेद सर्वांत वर घेतला आहे.