‘साधं विंडोज टाकायला दोन दिवस’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्हाला ताटकळावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. एक स्टार दिलात, तोही मान्य. पण ‘साधं विंडोज टाकायला दोन दिवस लावले, यूट्यूबवर दहा मिनिटांत होतं, वर 370 जीबी खाल्ली’ हे चारचौघांत लिहिलंत, म्हणून बोलावं लागतंय. जळगावात अकरा वर्षं दुकान आहे. लोक हेच वाचून जिना चढायचा की नाही ते ठरवतात.

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला तुम्ही सीपीयू आणलात. डिस्क 4 टीबीची, वापरता येते 2 टीबी, विंडोज पडत नाही. लावून पाहिलं तर डिस्क एमबीआर, म्हणजे पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीची. एमबीआरची मोजणी 2 टीबीलाच संपते, म्हणून पुढचे 1678 जीबी अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच पार्टिशनमध्ये न घेता येणारे, पडून. त्यात आधी कोणीतरी लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीनं, चार प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) पाडलेली. बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर घ्यायचं आणि डिस्क क्लीन करून जीपीटी, म्हणजे 2 टीबीच्या पुढे मोजणाऱ्या नव्या पद्धतीची करायची, हाच मार्ग. क्लीन केलं की सगळं जातं, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, “तेमा काहीच नई शे, मारी टाका फॉरमॅट.”

डिस्कपार्ट या विंडोजच्या टूलमध्ये क्लीन टाइप झालं होतं, एंटर तेवढा बाकी. काय मनात आलं कोणास ठाऊक, डिस्क काढून दुकानाच्या मशीनला लावली. तिसऱ्या पार्टिशनमध्ये ‘हळद’, ‘वरात’, ‘ताईचं लग्न’ असे फोल्डर. एकूण 1.1 टीबी. आत पाहिलं नाही, नावंच वाचली.

ते सगळं कॉपी करायला साडेपाच तास, परत टाकायला जवळजवळ तेवढेच. मध्ये रविवारी दुपारी लाइट गेली, यूपीएसनं वीस मिनिटांत मान टाकली, कॉपी पुन्हा पहिल्यापासून. रविवारी आमची सुट्टी असते. अर्धं शटर वर करून, पंखा बंद, मे महिन्याच्या उन्हात एकटा बसलो होतो. सोमवारी अकराला मशीन तुमच्या हातात होतं. हे तुमचे दोन दिवस. बिल काढून बघा, 600 रुपये फक्त इन्स्टॉलेशनचे, कॉपीचा रुपया लावलेला नाही.

यूट्यूबवरची, डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी करणारी एमबीआरटूजीपीटी कमांड मलाही येते. ती विंडोज आधीच चालू असलेल्या डिस्कवर चालते, आणि प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असली की नकार देते. तुमची चार होती. राहिले 370 जीबी. कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1024 नं, म्हणून 4 टीबीचे 3.63 टीबी दिसतात. आमच्या पोटात काही गेलेलं नाही. विंडोजसाठी छोटी एसएसडी वेगळी घ्या असं शनिवारीच सुचवलं होतं, तेव्हा तुम्ही हसलात.

फोल्डर दिसल्यावर त्याच रात्री फोन करायला हवा होता, तो केला नाही, ही चूक माझी. यापुढे डेटाचं लिहून घेऊ, बाकीचंही बघतो.

तुमची पॉवर केबल इथेच राहिली आहे. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, रविवार सोडून कधीही या.