जजसुद्धा कुणाच्या तरी घरातूनच येतो की

कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झाल्यापासून आपल्या सोलापुरात जो तो कोर्टावर बोलायला लागलाय, चांगलंय, मुंबईची खेप तरी वाचली. पण परवा टपरीवर एक वकील मित्र छातीठोक सांगत होता की जजला ना घर ना भूतकाळ, समोर कागद आणि कायदा, विषय संपला. मला नाही पटत बे हे.

१९७८ ची मोतीराम केस बघा. मध्य प्रदेशातला एक गवंडी, मॅजिस्ट्रेटनं १०,००० चा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर त्याची प्रॉपर्टी दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टात जस्टिस कृष्णा अय्यरांनी त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं, आणि वर विचारलं की एखादा मल्याळी नाहीतर कन्नडिग माणूस चांदनी चौकात पकडला गेला तर त्यानं तिथला जामीनदार आणायचा कुठून? आता हा प्रश्न सोलापूरकराला समजावून सांगायला लागतो का? लूमवरच्या पोराचा मामा असतो कर्नाटकातल्या इंडीचा नाहीतर आळंदचा, शेताचा उतारा कन्नडमध्ये, आणि इथं ऐकायला मिळतं, लोकल शुअरिटी म्हणजे इथलाच जामीनदार आणा, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला आणा. बसा फिरत.

अय्यरांना हे दिसलं कारण हा माणूस वकील असताना १९४८ मध्ये स्वतः तुरुंगात जाऊन आलेला, आणि १९५७ ला केरळात मंत्री झाला तेव्हा तुरुंग खातंही त्यांच्याचकडं होतं. म्हणजे गज आतून बघितलेत आणि बाहेरून पण. कायद्याचं पुस्तक तेच होतं हो, खालच्या मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर पण तेच होतं.

मित्राचं म्हणणं अगदीच उडवून लावत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातनं जज थर्गुड मार्शल रिटायर झाले आणि १९९१ ला त्यांच्या जागी क्लॅरेन्स थॉमस आले, दोघंही कृष्णवर्णीय, दोघांनीही वर्णभेद अंगावर झेललेला. मार्शल कॉलेज प्रवेशातल्या सवलतींच्या बाजूनं लिहायचे आणि थॉमस ठाम विरोधात, त्यांच्या मते त्या सवलतींनी पोरांवर कायमचा शिक्का बसतो. आपल्याकडं सुप्रीम कोर्टात गवईसाहेबांनी, स्वतः दलित समाजातले, २०२४ ला एससीमध्येही क्रीमी लेयर बघा असं लिहिलं तर समाजातूनच किती टीका झाली. तेव्हा अमक्या घरातला म्हणजे निकाल अमुकच लागणार असलं गणित काय जमत नाही, पण या तिघांनाही ती जखम कुठं आहे ते माहिती होतं, आणि ज्याला ते माहितीच नाही तो त्या पानावरून पुढं जातो.

म्हणून मला खरा घोळ वाटतो तो २०२५ च्या मे महिन्यातल्या निर्णयाचा. सुप्रीम कोर्टानं ज्युनिअर डिव्हिजनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या जजसाठी तीन वर्षं वकिलीच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. हेतू चांगला, कॉलेजातून थेट खुर्चीत नको, कबूल. पण सुरुवातीची वर्षं सिनिअरच्या हाताखाली किती मिळतं हे कोर्टात विचारा, कधी कधी पेट्रोलचे पण निघत नाहीत. डॉक्टर-बिल्डरचं पोरगं काढेल तीन वर्षं आरामात. सोलापूरच्या पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बाईची एलएलबी झालेली पोरगी, जिला जामीन, हप्ते, सावकार सगळं घरातच शिकायला मिळालंय, ती काय करणार? कुठल्या तरी बँकेची क्लार्कची परीक्षा देणार. अनुभव पाहिजे म्हणून अट घातली आणि नेमका तोच अनुभव दारातून परत पाठवला. अट ठेवायची तर त्या तीन वर्षांचा स्टायपेंड पण द्या, बार कौन्सिल द्या नाहीतर सरकार द्या, आधी ते ठरवा.