१ जूनवाले आणि १ जानेवारीवाले

माझ्या बाबांचा वाढदिवस १ जून. थोरल्या काकांचा १ जून. आत्याच्या यजमानांचाही १ जूनच. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही यातलं गुपित फोडून सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख विचारली, आजोबा म्हणाले, "लिवा की कायतरी", आणि पोरगं पहिलीत बसेल अशा बेताने मास्तरांनी १ जून टाकली. आजीच्या हिशेबाने बाबा झाले तेव्हा पंचगंगेला पूर होता आणि सुईणीला आणायला गेलेला माणूस पलीकडेच अडकून पडला होता. म्हणजे १ जून असणं शक्यच नाही. पण दाखला, सर्व्हिस बुक, पेन्शन, आधार, सगळीकडे तीच तारीख. खऱ्या तारखेवाचून कुणाचं काही अडलं नाही.

मी राहते त्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधल्या गावात एका चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी आश्रय मागायला आलेली माणसं जमतात. मी तिथे सहा वर्षं जाते. पेशाने हिशेबनीस, त्यामुळे मला कागदांच्या टेबलावर बसवलंय. आणि या टेबलावर येणाऱ्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारी. अफगाण, सुदानी, एरिट्रियन. वर्ष अंदाजे माहीत, तारीख नाही, मग कुठल्याशा सीमेवर कुणीतरी १ जानेवारी टाकली. पहिल्या दिवशी ही यादी बघून मला हसू आलं होतं. शेजारची इंग्रज बाई चमकून बघायला लागली. तिला १ जून समजावून सांगण्यात चहा गार झाला.

पण आपल्या १ जूनमध्ये आणि यांच्या १ जानेवारीत एक फरक आहे. इथे तारखांचा मेळ बसला नाही तर माणूस खोटं बोलतोय असं ठरू शकतं.

पद्धत थोडक्यात सांगते. माणूस आश्रय मागतो तेव्हा आधी एक छोटी मुलाखत होते, तिला स्क्रीनिंग म्हणतात. नाव, गाव, कसा आलास, का आलास, दोन-चार वाक्यांत. मग काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं वाट बघायची. मग मोठी मुलाखत, हॉलमधली मंडळी तिला 'बिग इंटरव्ह्यू' म्हणतात. ती तासन्‌तास चालते. त्यात सांगितलेलं आधीच्या दोन वाक्यांशी ताडून बघतात. दुष्काळ, उपासमार, बेकारी ही कारणं चालत नाहीत. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटातला असणं, यांपैकी कशामुळे तरी जिवाला धोका आहे हे पटवावं लागतं. पुरावा बहुतेकदा एकच, स्वतःची जबानी. म्हणून तारखा.

गेल्या वर्षी एक अफगाण मुलगा आपले कागद पिशवीतून काढून टेबलावर ओतत होता. पिशवी सुपरमार्केटची, कागद चुरगळलेले, काहींवर चहाचे डाग. मी सवयीने तारखेप्रमाणे लावायला घेतले. स्क्रीनिंगच्या नोंदीत त्याच्या वडिलांना उचलून नेल्याचा महिना जानेवारी २०२० होता. पुढच्या एका कागदात, त्याच्याच सांगण्यावरून, जानेवारी २०२१. मी विचारलं, तुमच्या हिशेबाने कधी? म्हणाला, जदी १३९९.

अफगाणांच्या महिन्यांची नावं म्हणजे आपल्या राशीच आहेत. हमल म्हणजे मेष, असद म्हणजे सिंह, जदी म्हणजे मकर. वर्ष मार्चमध्ये नवरोजला सुरू होतं, आपल्या पाडव्याच्या आसपास. त्यांच्या सालात ६२१ मिळवले की इंग्रजी साल येतं, असं सगळे धरून चालतात. पण १ जानेवारीपासून नवरोजपर्यंतच्या दिवसांना ६२२ मिळवावे लागतात. जदी सुरू होतो डिसेंबरच्या विशीत आणि संपतो जानेवारीच्या विशीत. फोनवरच्या दुभाष्याने घाईत ६२१ मिळवले असणार. एका आकड्याने बाप वर्षभर आधीच गायब झाला.

मी काय केलं? काहीच नाही. दोन्ही कागदांवर पेन्सिलने खूण केली आणि मुलाला म्हटलं, हे आजच्या आज तुझ्या वकिलीणबाईंना दाखव. त्यांनी मोठ्या मुलाखतीआधीच दुरुस्तीचं पत्र पाठवलं.

'काहीच नाही' हे मी मुद्दाम लिहितेय. सल्ला देणं हा मराठी माणसाचा जन्मसिद्ध हक्क, आणि या देशात नेमका तोच गुन्हा आहे. परवाना नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने फौजदारी अपराध. "मुलाखतीत असं सांग", "ते सांगू नको", "अपील कर, जिंकशील", यातलं काही म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवलं जातं आणि मला तेच सगळ्यात जड गेलं. कारण समोरचा माणूस रडत असतो आणि आपल्याला वाटतं, आपण हुशार आहोत, चार गोष्टी गुगल करून सांगू शकतो. माझ्या माहितीतल्या एकाला त्याच्याच देशातल्या एका भल्या दादाने असाच सल्ला दिला होता. नकारावर अपिलाला १४ दिवस असतात, त्यातले दहा "थांब, मी बघतो" यात गेले.

मग उरतं काय? पत्र वाचून दाखवणं. शेवटची तारीख लाल पेनने वर लिहिणं. मदतीच्या फोनलाईनवर होल्डचं संगीत ऐकत बसणं, कारण त्याच्या फोनमध्ये तेवढा बॅलन्स नसतो. दुभाषी समजत नसेल तर तसं सांगायचा तुला हक्क आहे, हे आधीच कानावर घालणं. सोरानी बोलणाऱ्या कुर्दासमोर कुरमांजीचा दुभाषी आला तर ते मालवणी माणसाची साक्ष अहिराणीतून घेण्यासारखं आहे. पण समजतंय का विचारलं की बिचारे भिडेखातर मान डोलावतात. आपणही साहेबापुढे तेच करतो की.

आणि डॉक्टर. आश्रय मागणाऱ्यांना सरकारी आरोग्यसेवा फुकट आहे आणि जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव घालायला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र सक्तीचं नाही, हे नियमात स्पष्ट आहे. तरी एका दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंनी आमच्या एका गरोदर मुलीला पासपोर्ट आणि काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल मागून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी सोबत गेले. बोलले फारसं नाही, नियमाचा छापील कागद काउंटरवर ठेवला आणि बाजूला उभी राहिले. कोल्हापुरात तलाठ्याच्या कचेरीत आईने हेच शिकवलं होतं. भांडायचं नाही, जीआर दाखवायचा आणि हलायचं नाही. नाव लागलं.

पैशाचं सांगते, कारण यावरूनच जास्त वाफा दवडल्या जातात. जेवण देणाऱ्या हॉटेलात सरकारने ठेवलेल्या माणसाला मी हे लिहितेय तेव्हा आठवड्याला ९ पौंड ९५ पेन्स मिळतात. स्वतः रांधून खायचं असेल तर ४९ पौंड १८ पेन्स. इंग्लंडात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स पडतात. एचसी-२ नावाचं प्रमाणपत्र असेल तर औषध फुकट, पण त्याची मुदत संपते आणि संपल्याचं कळतं ते औषधाच्या दुकानात. म्हणजे एक मलम घेतलं की आठवड्याचे पाच पेन्स उरले. वकिलाकडे बसने जाऊन यायलाच पाच-सहा पौंड लागतात. काम करून मिळवावेत म्हटलं तर काम करायला बंदी. निकाल १२ महिने रखडला तर परवानगी मागता येते, तीही सरकारच्या ठरावीक यादीतल्या कामांपुरती.

आता आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या दिवाळीच्या फराळाचा किस्सा. मी गुरुवारी कुठे जाते हे कुणीतरी सांगितलं आणि एक ओळखीचे गृहस्थ चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "वहिनी, आम्ही व्हिसासाठी माणशी वर्षाला १०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरतो. टॅक्स वेगळा. आणि ह्यांना सगळं फुकट?"

त्यांची चीड मला खोटी वाटत नाही. आम्हीही भरलाय तो सरचार्ज, दोन मुलांसकट. पण ते पैसे त्या अफगाण पोराने खिशात घातलेले नाहीत. आणि आपण 'रांगेत उभं राहून' आलो म्हणतो, तेव्हा ती रांग कंपनीने लावून दिली होती हे सोयीने विसरतो. फॉर्म कंपनीच्या वकिलाने भरला, तारीख चुकली तर एचआरचा मेल आला. अफगाणिस्तानातून स्वतःच्या हिमतीवर येऊन आश्रय मागायचा तर त्यासाठी व्हिसाच नाही. मग रांग कुठे लावायची?

दुसरे एक काका म्हणाले, हे आपल्या लोकांचं काम नव्हे. मी कोल्हापूरची, मला हे ऐकवत नाही. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. माझी आजी त्या गोऱ्या बायकांना बाजारात भाजीचे भाव करताना बघायची आणि त्यांची मराठी ऐकून हसायची. पुढे तिथेच फाळणीतून आलेले सिंधी वसले, त्याचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आजही अख्खा जिल्हा तिथे जातो. त्या काकांच्या मुलीचा बस्ताही तिथलाच आहे. मी बोलले नाही, फराळाच्या ताटावर कशाला वाद?

मलाही यातलं सगळंच पटलेलं नाही, हेही सांगते. २०२४ मध्ये या देशात १ लाख ८ हजारांहून जास्त लोकांनी आश्रय मागितला. गावाला न विचारता एका हॉटेलात शे-दोनशे माणसं आणून ठेवली की गावाला राग येणारच. टेबलावर माझ्याशीही खोटं बोललेले लोक आहेत. पण त्या वर्षी ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ जमावाने माणसं आत असताना अशाच एका हॉटेलला आग लावायचा प्रयत्न केला. त्यानंतरच्या गुरुवारी हॉलमध्ये नेहमीच्या निम्मेही लोक आले नाहीत. आलेल्यांपैकी एकाने विचारलं, आता इथून पळून कुठे अर्ज करायचा? तो विनोद करत होता. बहुतेक.

आणि 'पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे आश्रय मिळाला, की संपलं असं वाटतं ना? माझं टेबल खरं तर तेव्हा सगळ्यात गजबजतं. सरकारी घर आणि भत्ता बंद व्हायला साधारण २८ दिवस मिळतात. मधे काही काळ ५६ केले होते. तेवढ्यात बँकेत खातं, ऑनलाइन ई-व्हिसा, घर, काम. आणि युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता अर्ज केल्यापासून पाच आठवड्यांनी. २८ दिवस म्हणजे चार आठवडे. हा हिशेब करायला हिशेबनीस लागत नाही. मधल्या काळासाठी उचल मिळते, ती पुढे कापून घेतात. ऊसतोडीच्या भागातल्या माणसाला उचल काय असते ते सांगायला नको.

म्हणून कुणी "मी काय मदत करू, जुने कपडे देऊ का?" विचारलं की मी म्हणते, प्लास्टिकच्या फायली द्या. खणाखणांच्या. आपण मराठी माणसं रेशन कार्डापासून दहावीच्या सनदेपर्यंत सगळं लॅमिनेट करून, तीन-तीन झेरॉक्स काढून कपाटात ठेवतो. घरातली थट्टा म्हणून सोडून देतो, पण हे कसब आहे. आपल्या मंडळात अशी पन्नास माणसं तरी असतील. गुरुवारचे दोन तास, बाकी काही नको. चहा तिथे मिळतो, बेताचाच असतो.

या १ जानेवारीला हॉल बंद होता, म्हणून पुढच्या गुरुवारी केक कापला. एकच केक, त्यावर नऊ जणांची नावं मावेनात, शेवटी नुसतं 'हॅपी बर्थडे' लिहिलं. जदी १३९९ वाला मुलगा नवी निळी फाईल काखेत धरूनच केक खात होता. निकाल अजून आलेला नाही. मी त्याला विचारलं, आई काय सांगायची, खरा कधी जन्मलास? म्हणाला, तुती पिकली होती तेव्हा.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुती तिकडं कवा पिकती?"

मी बघून सांगितलं, मेअखेर, जून.

"मग १ जूनच लिवायचं की," बाबा म्हणाले.