स्पेक्ट्रमला बारा व्होल्ट लावू नका

‘जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर दुप्पट पळवा, तोही शंभर रुपयांच्या आत!’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत फिरत अमळनेरच्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला, आणि त्याने तो मला ढकलला. खाली एवढंच लिहिलेलं: ‘मामा, हाई खरं शे का?’ स्पेक्ट्रम म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. भाच्याच्या आजोबांनी पुण्याहून आणलेला, डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर काढलेला स्पेक्ट्रम प्लस त्यांच्या घरात अजून चालू आहे. पोरगं वायफाय राउटरचा अडॅप्टर काढून बसलं होतं, माझ्या उत्तराची वाट बघत. नशीब, आधी विचारलं.

मेसेजमधले उपाय असे: नऊऐवजी बारा व्होल्टचा अडॅप्टर लावा, घड्याळाचे ठोके देणारा १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून २८ चा बसवा, झेड-८०ए प्रोसेसरच्या जागी झेड-८०बी टाका, रॅम वाढवा, पोक २३५६२, १ (बेसिक भाषेत मेमरीच्या एका जागी आकडा लिहायची आज्ञा) मारा, आणि चालू करण्याआधी मशीन दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. शेवटी नेहमीचं शेपूट: ‘कंपन्या ही माहिती लपवतात.’ सिंक्लेअरने कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्येच ॲमस्ट्रॅडला विकून टाकला. लपवायला आता उरलंय कोण?

सगळ्यात घातक आहे तो बारा व्होल्टचा उपाय. आतल्या बहुतेक चिप्स चालतात ५ व्होल्टवर, आणि ते ५ व्होल्ट ७८०५ नावाचा रेग्युलेटर देतो. बाहेरून नऊ द्या की बारा, तो पुढे पाचच सोडणार. वरचे व्होल्ट उष्णता होऊन जातात. एक अँपिअर धरला तर नऊवर ४ वॅट, बारावर ७ वॅट. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या हीटसिंकवर हे ७ वॅट म्हणजे काय, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही. ७८०५ फार तापला की स्वतःच आउटपुट तोडतो. म्हणजे ‘दुप्पट पळणारं’ मशीन थोड्या वेळाने मधेच बंद पडणार. वेग तर एका हर्ट्झनेही वाढत नाही, कारण वेग ठरतो घड्याळावर, व्होल्टवर नाही.

आणि हे झालं त्यातल्या त्यात बरं. सिंक्लेअरचं १९८४ चं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, त्यात पूर्ण सर्किट छापलेलं आहे. खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीच्या आठ ४११६ चिप्सना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: +१२, +५ आणि −५. त्यातले +१२ आणि −५ बनवणारा कॉइल-ट्रान्झिस्टरचा भाग रेग्युलेटरच्या मागे नाही, तो अडॅप्टरच्या विजेवर थेट चालतो. तोच या मशीनचा सगळ्यात नाजूक कोपरा. तो बिघडून −५ गेले आणि १२ राहिले, तर ४११६ चिप्स जातात.

राउटरच्या अडॅप्टरची तर वेगळीच गंमत. स्पेक्ट्रमच्या पिनला आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतं. आजकालच्या बहुतेक अडॅप्टरला बरोबर उलटं. पिन मात्र बसते! दोन तारांची अदलाबदल न करता ती खुपसली की बारा व्होल्ट उलटे आत. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही. हे लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी करून बघितलं असेल का, मला शंका आहे.

बारा हा आकडा कुठून आला असावा ते मात्र कळतं. मूळ अडॅप्टर साधा ट्रान्सफॉर्मरवाला, अनरेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट पक्के न धरणारा. लोड न लावता मीटर धरलं तर काटा बाराच्याही पुढे जातो. कुणीतरी तेवढं बघितलं आणि शास्त्र बनवलं. मशीन जोडल्यावर तो खाली येतो, हे बघायचं राहिलं.

आता क्रिस्टल. हसावं की रडावं असा मुद्दा आहे. १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल एकट्या प्रोसेसरसाठी नाहीच. तो जातो फेरांटी कंपनीच्या यूएलए चिपकडे. यूएलए त्याचे चार भाग करून झेड-८०ला ३.५ मेगाहर्ट्झ देते आणि त्याच घड्याळावर टीव्हीचं चित्रही काढते. चित्राच्या एका ओळीला २२४ टिक (घड्याळाचे ठोके), म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी, बरोबर आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीला हव्या तेवढ्या. २८ चा क्रिस्टल घाला, ओळी होतील ३१,२५०. टीव्हीवर चित्र उभंच राहणार नाही. अर्थात आधी ती यूएलए तेवढ्या वेगाला टिकली पाहिजे.

तरी समजा टिकली. मग कॅसेट लावा. टेपवरचे आवाज मशीन टिक मोजून ओळखतं: शून्याची नाडी ८५५ टिकची, एकाची १७१० ची. म्हणजे नेमकी दुप्पट. घड्याळ दुप्पट केलंत की टेपवरचं प्रत्येक शून्य मशीनला एक वाटणार! आजोबांच्या जुन्या कॅसेटी एकही लोड होणार नाही. २८ हा आकडा बहुधा स्पेक्ट्रम नेक्स्टवरून उचललेला आहे. ते नव्या काळातलं, एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) बनवलेलं मशीन आहे आणि ते खरंच २८ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. त्याचा आणि घरातल्या प्लसचा संबंध नावापुरता.

बाकीचं पटकन. झेड-८०ए ४ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, झेड-८०बी ६ पर्यंत. ही कमाल मर्यादा झाली. स्पीडोमीटरवर २०० छापलंय म्हणून गाडी २०० ने जात नाही. घड्याळ ३.५ चं, तर बी सुद्धा ३.५ नेच चालणार. फ्रिजमधून काढलेल्या बोर्डावर दमट हवेत पाणी सुटतं, एवढं पुरे. पोक २३५६२, १ निरुपद्रवी आहे: ती जागा कळ दाबून धरल्यावर अक्षर किती वेळाने पुन्हा उमटावं याची. तिथे मुळात ५ असतो, १ केला की कर्सर सुसाट धावतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मशीनच पळालं.

रॅमच्या मुद्द्यात, नाइलाजाने म्हणतो, अर्धं खरं आहे. १६३८४ ते ३२७६७ ही जागा प्रोसेसर आणि यूएलए दोघांची. चित्र काढताना यूएलए प्रोसेसरचं घड्याळ रोखून धरते. ३२७६८ च्या वर ही अडवणूक नाही, म्हणून तिथे ठेवलेला मशीन कोड (थेट प्रोसेसरच्या भाषेतला प्रोग्राम) जास्त वेगाने चालतो. १६ केचा स्पेक्ट्रम ४८ केचा केला तर हा फायदा मिळतो. पण प्लस ४८ केचाच येतो, आणि १२८ केच्या स्पेक्ट्रमचं घड्याळसुद्धा जवळपास तेवढंच, ३.५५ मेगाहर्ट्झच्या आत.

घड्याळ खरंच वाढवणारे हौशी लोक आहेत. ते यूएलएचं टायमिंग तसंच ठेवून फक्त प्रोसेसरला ७ मेगाहर्ट्झ देणारं वेगळं सर्किट बसवतात, आणि टेपच्या वेळी परत ३.५ वर आणायला स्विच ठेवतात. शंभर रुपयांचं आणि पहिल्यांदा सोल्डरिंग गन धरणाऱ्याचं ते काम नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. तुला हळू वाटतंय ते कॅसेटमुळे, पूर्ण ४८ के लोड व्हायला पाच मिनिटांच्या आसपास जातात. मागच्या कनेक्टरला लागणारं डिव्हएमएमसी घे, एसडी कार्डावरून तोच गेम काही सेकंदांत येतो. फक्त वीज बंद करूनच लाव-काढ करायची. बेसिकमध्ये लिहीत असशील तर सारखी लागणारी सबरूटीन प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला ठेव, कारण सबरूटीनला बोलावणारी गो सब ही आज्ञा दर वेळी ओळ वरून शोधत येते. आणि मशीन उघडायची एवढीच खाज असेल तर जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घेऊ. वेग वाढणार नाही, पण मशीन आणखी काही वर्षं चालेल. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये, अडॅप्टर मूळचाच आण.