खुलासा : १:१०० प्रमाणासाठी मूळ चित्र लहान करू नये

‘ऑटोकॅडमध्ये १:१०० चा नकाशा हवा असेल, तर स्केल कमांडने सगळे चित्र ०.०१ पट करा आणि मग मापे टाका,’ असा संदेश सध्या ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या गटांत फिरत आहे. ही पद्धत चुकीची आहे. मी ३००० मिमी लांबीची भिंत काढून तसे करून पाहिले, तेव्हा मापरेषेवर ३० हा आकडा आला; कारण डायमेन्शन, म्हणजे ही मापरेषा, रेखाटलेल्या रेषेचीच लांबी मोजते. तो आकडा खोडून हाताने ३००० लिहिला, तर पुढे भिंत स्ट्रेच करून ३३०० ची केली तरी मापावर ३००० च राहते, आणि साइटवर गवंडी त्याच आकड्यावर विसंबून आखणी करतो, याची मला खरी काळजी वाटते.

मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे मूळ चित्र काढण्याच्या जागेत, चित्र खऱ्या मापानेच काढावे, १:१०० हे प्रमाण लेआउटमधील (छपाईच्या पानावरील) व्ह्यूपोर्टला, म्हणजे मूळ चित्र दाखवणाऱ्या चौकटीला, देऊन तो लॉक करावा आणि लेआउट १:१ ने छापावा. कागदावर मापांची अक्षरे २.५ मिमी दिसावीत यासाठी २००८ च्या आवृत्तीपासून अ‍ॅनोटेटिव्ह (अक्षरांचा आकार प्रमाणानुसार आपोआप ठरवणारी) सोय आहे. ती वापरायची नसल्यास डिमस्केल ही सेटिंग १०० ठेवावी, त्याने अक्षरे आणि बाण मोठे होतात, मापाचा आकडा बदलत नाही.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.